दाजींची तिसरी वही

एकदा सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचं साफ नाकारून सदुसष्ट वर्षं सुखानं जगलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या सासरच्या गोतावळ्यात निघाला. नात्यानं ते माझे थोरले साडू. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला पावणं म्हणतात, कारण लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी मी त्यांच्या लेखी अजून नवाच आहे. दाजींना वेळ विचारली तर ते आधी मनगटावरचं घड्याळ बघतात, मग खिशातलं, मग भिंतीवरचं, आणि तिघांपैकी ज्या दोघांचं जमतं त्यांची वेळ सांगतात. तेवढ्यात विचारणाऱ्याची बस गेलेली असते. मंडईत गवार ताजी आहे का हे ते तीन बायकांना विचारतात, आणि त्यातली एक हटकून केळी विकणारी असते. लेकीच्या लग्नात त्यांनी पत्रिका तीन ज्योतिष्यांना दाखवली. दोघांनी होकार दिला, एकानं नकार. लग्न झाल्यावर दाजी पेढे घेऊन त्या नकारवाल्याकडं गेले आणि म्हणाले, "तुमचं मत आमच्याकडं लिवून ठेवलंय. फक्त धरलं न्हाय." ज्योतिषीबुवांनी पेढे घेतले की नाही याबद्दल घरात दोन मतं आहेत, आणि तिसरा साक्षीदार नसल्यानं तो प्रश्न दाजींनी अजून निकाली काढलेला नाही.

याला कुणी वेड म्हणेल, पण खरं तर हा त्यांच्या धंद्याचा संसर्ग आहे. दाजींनी तीस वर्षं परगावी उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक्सवर काम केलं, आणि निवृत्त झाल्यावर उचगावात एक पत्र्याची शेड घेऊन तपासणीचं छोटं काम सुरू केलं. उपग्रहाच्या पोटात मायक्रोकंट्रोलर नावाची नखाएवढी चिप असते. तोच त्याचा मेंदू. आपल्या वॉशिंग मशीनमध्येही तशीच एक असते, पण ती वर पाठवली तर फार दिवस टिकायची नाही. अवकाशात सतत किरणांचा मारा असतो. एखादा कण घुसतो आणि चिपच्या आठवणीतल्या शून्याचा एक करून जातो. म्हणून वर जाणाऱ्या चिपा मुद्दाम निबर केलेल्या असतात. त्यांच्यात महत्त्वाची प्रत्येक गोष्ट तीन जागी लिहिलेली असते, एक बिघडली तर उरलेल्या दोघींचं खरं धरतात. तीस वर्षं अशा चिपांच्या संगतीत काढल्यावर माणूस गवार तिघींना विचारणारच.

चिपेतली दुसरी एक गोष्ट त्यांनी घरात आणली आणि तिचा जाच मात्र आक्कांनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीनं, सोसला. या चिपेत एक राखणदार असतो. चिप त्याला ठरावीक वेळानं 'मी जागी आहे' असा इशारा देत राहते. इशारा चुकला की चिप कुठंतरी अडकलीय असं समजून राखणदार तिला बंद करून पुन्हा चालू करतो. दाजी निवृत्त झाल्यावर घरातल्या घरात दर अर्ध्या तासानं "हाय का?" अशी हाक मारू लागले. आक्कांनी स्वयंपाकघरातून "हाय" म्हणायचं. एकदा त्या न्हाणीघरात होत्या, डोक्यावर पाणी पडत होतं, हाक ऐकू आली नाही. दाजींनी तीनदा हाक मारली, उत्तर नाही. त्यांनी शांतपणे जाऊन घराचा मेन स्विच बंद केला आणि पुन्हा चालू केला. गिझर, पंखा, दिवा सगळं गेलं आणि आलं. आक्का बाहेर आल्यावर जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. दाजी समाधानानं मला म्हणाले, "चालू झाली बगा."

नवीन वस्तूंवर तर त्यांचा काडीचा भरवसा नाही. वर जाणारी चिप ही पोरांच्या खेळण्यातल्या चिपेपेक्षाही मंद असते, आणि तसंच असलं पाहिजे असं त्यांचं ठाम मत आहे. "पळणारं काय करायचंय पावणं? टिकणारं पायजे." त्यामुळं त्यांची स्कूटर, त्यांचा बटणांचा फोन आणि त्यांचा शर्ट हे तिन्ही एकाच काळातले आहेत. किरणांनी आपल्याही डोक्यातल्या आठवणी बिघडत असणार असं त्यांना वाटतं. म्हणून ते सणासुदीला सगळ्यांना बसवून जुन्या आठवणी तपासून घेतात. "पावणं, तुमच्या लग्नात जिलबी हुती का बुंदी?" मी छातीठोकपणे जिलबी सांगितली. आक्का आणि माझी बायको दोघींनी बुंदी सांगितली. तेव्हापासून माझ्या लग्नात बुंदी होती.

मी शहरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. प्रयोगवहीत दुसऱ्याचे आकडे उतरवणारी मुलं पकडणं ही माझी ख्याती आहे. आकडे उतरवणारा मुलगा शेवटचा अंक थोडा बदलतो, म्हणजे दोन वह्या अगदी सारख्या दिसत नाहीत. हे मला लांबूनही ओळखू येतं, आणि त्यावर मी वर्गात जे व्याख्यान देतो ते चाळीस मिनिटांचं आहे. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं सांगताना माझ्या अंगात बळ उरणार नाही.

दाजींच्या शेडमधलं काम असं. उपग्रहाच्या चिपा बनवणारी एक कंपनी प्रत्येक घाण्यातल्या, म्हणजे एका खेपेत बनवलेल्या चिपांतल्या, बारा चिपा त्यांच्याकडं पाठवते. दाजी त्या मुंबईकडच्या एका प्रयोगशाळेत नेतात, तिथं त्यांच्यावर किरणांचा मारा होतो, आणि मग त्या परत आणून तपासायच्या. कच्ची चिप मार खाल्ल्यावर जुन्या नळासारखी गळायला लागते. पाणी नव्हे, वीज. किती गळते ते मोजायचं. गंमत अशी की ती चिप नेहमीच्या हवेत ठेवली तर आपोआप बरी होते, गळती थांबते आणि खोटी निरोगी दिसते. म्हणून तिला कोरड्या बर्फात घालून आणावं लागतं आणि त्यातून काढली की लगेच मोजावं लागतं. दाजी हा थर्मोकोलचा डबा मांडीवर घेऊन दिवसाच्या एसटीनं येतात. डब्याच्या कडेनं पांढरी वाफ निघत असते. एकदा शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "पावणं, पापलेट हाय का सुरमई?"

"मेंदू हाय," दाजी म्हणाले.

गृहस्थ थोडं सरकून बसले. कराड आल्यावर त्यांना राहवेना. "बकऱ्याचा?"

"उपग्रहाचा."

"आमच्याकडं मिळत न्हाय त्यो," गृहस्थ म्हणाले आणि झोपले.

मोजायला तीन माणसं, तीन मीटर आणि तीन वह्या. पहिली वही दाजींची. त्यांचा मीटर जुना, काट्याचा. दुसरी वही सुलभाताईंची. शेडमधलं सगळं बारीक जोडकाम त्या करतात आणि डोळे झाकून वितळत्या शिशाचे डाग देऊ शकतील अशा हाताच्या आहेत. तिसरी वही माझी. सुलभाताईंचा आणि माझा मीटर सरळ आकडे दाखवणारा. नियम एकच: कुणी कुणाच्या वहीत बघायचं नाही. सकाळी दाजी, मग सुलभाताई, दुपारी मी. एक चिप बर्फातून काढायची, जोडायची, आकडा स्थिर व्हायची दहा मिनिटं वाट बघायची, लिहायचं, परत बर्फात. मग पुढची. सात वर्षं मी हे केलं. कामाचा कंटाळा यायचा, पण तिसरा माणूस म्हणून मला जगात कुठंतरी मोल आहे असं वाटायचं. घरी माझ्या मताला ते भाग्य नव्हतं.

त्या रविवारी सकाळी पेठ वडगावात माझ्या चुलतभावाच्या नातवाचं जावळ होतं. जेवण मटणाचं. तांबड्या रश्श्याच्या किती वाट्या झाल्या हे मला आठवत नाही, आणि दाजींच्या भाषेत सांगायचं तर ती आठवण किरणांनी नेली असावी. दोन वाजता मी शेडवर पोचलो तेव्हा माझे डोळे मिटत होते. दाजी जेवायला घरी गेले होते, सुलभाताई शेजारच्या गाळ्यात. आठ चिपा मी कशाबशा मोजल्या. मग डोकं चाललं: उरलेल्या चार एकदमच बाहेर काढल्या तर डबा पुन्हा पुन्हा उघडायला नको. काढल्या. नववी जोडली. दहा मिनिटं थांबायचं म्हणून मान जरा टेबलावर टेकवली.

जाग आली तेव्हा सव्वा तास झाला होता. चारही चिपा माझ्यासमोर उन्हाळ्याच्या हवेत निवांत पडल्या होत्या आणि एव्हाना ठणठणीत बऱ्या झाल्या असणार. आता मोजून उपयोग नव्हता. बाहेर दाजींच्या स्कूटरचा आवाज आला. समोर सुलभाताईंची वही होती. मी तिच्यातले चार आकडे माझ्या वहीत उतरवले. आणि प्रत्येकाचा शेवटचा अंक थोडा बदलला.

दुसऱ्या दिवशी दाजींनी तिन्ही वह्या शेजारी ठेवल्या. दहाव्या चिपेवर ते थांबले. त्यांच्या वहीत चाळीस होते, सुलभाताईंच्या बारा, माझ्या बारा पूर्णांक एक दशांश. चाळीस म्हणजे चिप गळकी, सगळा घाणा बाद. बारा म्हणजे उत्तम. दाजींनी तिन्ही आकड्यांवर बोट फिरवलं. मग त्यांनी आपल्या चाळीसवर सरळ रेघ मारली. "दोगं एक बोलतायत म्हंजे मीच चुकलो," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. नियम त्यांचाच होता. मी त्याच वेळी तोंड उघडायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा टाकू का?"

त्यानंतरचे आठ दिवस असे गेले. दाजी डोळ्यांच्या तीन डॉक्टरांकडं गेले. दोघांनी डोळे ठीक सांगितले, एकानं मोतीबिंदूची सुरुवात सांगितली. बहुमतानं डोळे ठीक ठरले. तेव्हा दाजी आक्कांना म्हणाले, "डोळं न्हाईत. म्हंजे डोस्कं चाललंय." त्या दिवसापासून त्यांनी घरात हाक मारायचं बंद केलं. आक्कांनी मला फोन केला. सात वर्षं त्या हाकेला शिव्या घालणारी बाई फोनवर म्हणाली, "अर्धा अर्धा तास मी वाट बघतोय, पर गडी बोलतच न्हाय. तुमी येऊन बगा की जरा." आमच्याकडच्या बायका भावनेच्या भरात 'बघतेय' न म्हणता पुरुषासारखं 'बघतोय' म्हणतात, आणि तसं बोलल्या की प्रकरण गंभीर असतं.

मी उचगावला गेलो. माझा स्वभाव असा की मोठी कबुली द्यायला निघालो की वाटेत लहान लहान कबुल्या देत सुटतो. शेडमध्ये दाजी टेबलाशी बसून पत्र लिहीत होते. मी म्हणालो, "दाजी, मागच्या वर्षी तुमच्या स्कूटरचा आरसा माझ्याच हातून तुटला."

"ठावं हाय."

"आणि दिवाळीला तुमचा तिसरा पेन मी नेला."

"त्येबी ठावं हाय. बसा की."

मी बसलो आणि ते काय लिहितायत ते पाहिलं. कंपनीला पत्र होतं: हा शेवटचा अहवाल, यापुढं वयोमानानुसार मी हे काम करू शकणार नाही, शेड बंद करत आहे. पलीकडं सुलभाताई डाग देत होत्या. त्यांना हे ठाऊक होतं. मान वर न करता काम चाललं होतं.

"दाजी," मी म्हणालो, "शेवटच्या चार चिपा मी मोजल्या नाहीत. झोपलो होतो. ताईंच्या वहीतनं उतरवल्या."

सुलभाताईंनी हातातली डागणी स्टँडवर ठेवली. दाजींनी पेन खाली ठेवला.

"शेवटचा आकडा बदललासा?"

"हो."

"कशापायी?"

"उतरवलंय असं वाटू नये म्हणून."

"आमची पोरगीबी असंच करती की," सुलभाताई म्हणाल्या. "सरांनी वर्गाभाईर काढलंतं तिला. तुमच्याच कालेजात हाय."

मी खाली बघितलं. दाजींच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता. तो आलाही, पण मागाहून. आधी जे आलं ते बघून मला जास्त लाज वाटली. त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे," ते हळू म्हणाले, "मला दिसलं ते खरं असंल." आठ दिवस या माणसानं स्वतःच्या डोक्यावर रेघ मारून ठेवली होती, आणि ती मारायला मी दुपारच्या झोपेतून उठून हातभार लावला होता. मग राग आला आणि त्यांनी मला तासभर सुनावलं. ते मी पूर्ण ऐकलं. बरंचसं माझ्याच चाळीस मिनिटांच्या व्याख्यानासारखं होतं, फक्त भाषा जास्त मोकळी होती.

निवृत्तीचं पत्र त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. फाडलं नाही, हे मी बघितलं. कंपनीला दुसरं पत्र गेलं. मी सुचवलं की त्यात "तिसऱ्या नोंदीत त्रुटी आढळली" असं लिहू. दाजी म्हणाले, "तुरटी न्हाय. 'तिसरी नोंद घेतलीच न्हाय' असं लिवा, आन् खाली सही करा." मी सही केली. त्याच घाण्यातल्या नव्या बारा चिपा आल्या. या खेपेला दाजींबरोबर मीही गेलो आणि येताना डबा माझ्या मांडीवर होता. दीड महिना सगळं लांबलं. मोजायच्या दिवशी मी ताक-भाकरी खाऊन आलो आणि बाराही चिपा उभ्यानं मोजल्या. एक एक काढून.

वह्या उघडायच्या वेळी दाजींनी आपले आकडे मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ते वाचतील, मग सुलभाताई, मग मी. तीन चिपा जमल्या. चौथीला दाजी म्हणाले, "तीस."

"नऊ," सुलभाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा उतरला होता.

माझ्या वहीत नऊ होते. स्वच्छ नऊ, माझ्या डोळ्यांनी दहा मिनिटं थांबून पाहिलेले. दाजी माझ्याकडं बघत होते. खिशात ते घडी केलेलं पत्र असणार हे मला माहीत होतं. क्षणभर वाटलं, तीस म्हणावं. एक खोटा आकडा या माणसाच्या विरुद्ध दिला होता, एक त्याच्या बाजूनं देऊन टाकावा, म्हणजे फिट्टंफाट होईल. इतकी मूर्ख करुणा माझ्यासारख्यालाच सुचू शकते.

"नऊ," मी म्हणालो.

"बगून लिवलंय न्हवं?"

"हो दाजी. बघूनच लिहिलंय."

त्यांनी मान हलवली. उठले, चौथी चिप पुन्हा बर्फातून काढली, आपल्या काट्याच्या मीटरला जोडली आणि दहा मिनिटं आम्ही तिघंही उभे राहिलो. मग ते वाकले, इतके की नाक काचेला लागलं. त्या मीटरच्या तबकडीवर आकड्यांच्या दोन ओळी आहेत, एक वर, एक खाली. काटा तोच, पण कुठली ओळ वाचायची ते आधी ठरवावं लागतं. "खालची वाचायची हुती," दाजी म्हणाले. "मी वरची वाचली." त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा वाकून पाहिलं. ओळी त्यांना एकमेकीत मिसळलेल्या दिसत होत्या. हे ते मान वर न करता बोलले.

बाकीच्या आठही चिपा तिन्ही वह्यांत जमल्या. घाणा पास झाला. निघताना दाजी मला म्हणाले, "मग त्या येळंलाबी वळच चुकली असंल. दहावी चिप चांगलीच असणार. तुमचं वझं उतरलं की पावणं."

मी मनात भागाकार करून पाहिला. चाळीस आणि बारा, तीस आणि नऊ. जमत होता, दोन्हीकडं उत्तर एकच. पण आकडे जमतात म्हणून ते पाहिलेले असतात असं नाही. त्या दहाव्या चिपेला खरं काय झालं होतं ते सांगू शकणारा तिसरा माणूस त्या दुपारी झोपला होता, आणि आता ते कुणालाच कळायचं नाही. माझी लबाडी बहुधा बरोबर निघाली होती. याहून लाजिरवाणं यश मी आयुष्यात मिळवलेलं नाही.

तिघांपैकी एकटा पडलेला तो डॉक्टर खरा ठरला. दाजींच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. शेड चालू आहे. माझी तिसरी वही आता आक्कांकडं आहे. त्या कुणाच्या वहीत बघत नाहीत, कारण त्यांचा कुणावरच विश्वास नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी दाजी, सुलभाताई आणि मी अशा तिघांनाही खोलीबाहेर काढून दाराला आतून कडी लावली होती.

मी रविवारी जातो. दाजींना आता लांबच्या फलकावरची बारीक अक्षरंही दिसतात, ते मला चालत्या स्कूटरवरून वाचून दाखवतात. पण काट्याच्या मीटरसमोर मात्र ते मला बसवतात आणि स्वतः शेजारी वही घेऊन डोळे मिटून बसतात. दहा मिनिटं होतात. मी खालची ओळ बघतो, बोट ठेवून बघतो, आणि आकडा सांगतो. दाजी डोळे उघडून तो लिहितात आणि पुढच्या चिपेकडं वळतात. घड्याळाला, गवारीला, ज्योतिष्याला आणि डॉक्टरला तीनदा विचारणारा माणूस मला एकदाच विचारतो. प्रत्येक वेळी मला वाटतं, त्यांनी पुन्हा एकदा विचारावं. ते विचारत नाहीत. मी आपला सांगून झाल्यावरही काट्याकडं बघत राहतो.